‘लाइव्ह अलाइव्ह’ : डागडुजी केलेला लाइव्ह अल्बम लाइव्ह म्हणायचा का?

तारसप्तक :
परवा ब्लूजच्या धाग्यावर एका महाशयांनी फर्मान काढलं की टेक्सासचा ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन ह्याचा ‘लाइव्ह अलाइव्ह’ हा अल्बम म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, कुणी ऐकू नये. तिथे उत्तर द्यायला घेतलं आणि लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.
ध्वनिमुद्रण १९८६ च्या जुलैतलं, टेक्सासमधल्या ऑस्टिन आणि डॅलसचं. शिवाय आदल्या वर्षीचं, स्वित्झर्लंडच्या माँत्रो महोत्सवातलं थोडंफार. नंतर स्टुडिओत बसून त्यातलं बरंच पुन्हा वाजवलं, गायलं. हे मला नवीन नाही, कुणालाच नाही. पण ‘विली द विंप’ हे गाणं त्याने एकाही स्टुडिओ अल्बमवर घेतलं नाही. कॅडिलॅकसारख्या शवपेटीत बसवून पुरलेल्या शिकागोच्या जुगाऱ्याचं गाणं, सोबत थोरला भाऊ जिमी. हे फसवणूक म्हणून फेकून द्यायचं? माझे कान तरी एवढे सोवळे नाहीत.

गूळखोबरं :
ते महाशय मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.
अल्बम आला नोव्हेंबरात. त्याआधी सप्टेंबरअखेरीस हा माणूस दारू आणि कोकेनपायी जर्मनीत कोसळला होता. त्या काळात आपली अवस्था वाईट होती हे पुढे त्यानेच कबूल केलं. म्हणजे जुलैत जे खरोखर घडलं ते पुसून वर रंग मारला. स्टुडिओ अल्बम म्हणून विका, माझी काही हरकत नाही. प्रेक्षकांच्या टाळ्या कशाला लावता?
लाइव्ह ऐकायचंय तर १९८२ चं माँत्रो ऐका. लोक हुर्यो उडवतायत ती तशीच ठेवून २००१ मध्ये काढलंय. ह्याला म्हणतात हिंमत.

रात्रपाळी :
हुर्योचं कौतुक पुरे. त्याच रात्रीचं ‘टेक्सास फ्लड’ ‘ब्लूज एक्स्प्लोजन’ नावाच्या संकलनात घातलं आणि त्या संकलनाला ग्रॅमी मिळालं. तेच वाजवणं, तेच सूर. समोर बसलेल्यांनी हुसकावलं, घरी बसलेल्यांनी डोक्यावर घेतलं. आता सांगा, लाइव्हचा न्याय कुणी करायचा?
आणि त्याच्यासारखं तेराच्या तारांवर (पहिली तार ०.०१३ इंच, म्हणजे चांगलीच जाड) वाजवून दाखवा, मग बोला.

फ्रेटबोर्ड_फडके :
आली! तेराची तार आली! मी वाटच बघत होतो.
माझ्याकडे शिकायला येणारं प्रत्येक दुसरं पोरगं तेराचा सेट घेऊन येतं. एकाने तर नट (तारा ज्या खाचांतून जातात ती मानेच्या टोकाची पट्टी) न बदलताच चढवला. तारा खाचेत बसेनात, गिटारची मान वाकली, आणि हा तर्जनीचं सालपट काढून माझ्यासमोर उभा. अरे बाबांनो, स्टीव्ही गिटार अर्धा सूर खाली लावायचा! तरीही बोटं फाटायची, मग सुपरग्लूने चिकटवून वाजवायचा. ब्लूजचा बादशहा बी. बी. किंग दहाच्या, म्हणजे बारीक, तारांवर आयुष्यभर रडवत राहिला, त्याचं कुणाला काही नाही.

रात्रपाळी :
दहाच्या तारांना तो टोन येत नाही. ज्यांनी हातात गिटार धरली नाही त्यांना हा फरक कळायचा नाही, सोडून द्या.

गूळखोबरं :
सवाईला रात्र-रात्र बसणारे सगळे काय गंडा बांधून आलेले असतात? वाजवणाऱ्यालाच कळतं हा माज इतरत्र दाखवा.

फ्रेटबोर्ड_फडके :
मी वाजवतो, आणि तारांच्या बाबतीत रात्रपाळी चूक आहेत. टोन बोटात असतो. अॅम्पचा आवाज छतापर्यंत उघडल्यावर दहा काय नि तेरा काय.

रात्रपाळी :
काका, तुमचे विद्यार्थी तुमच्याकडे तेराचा सेट घेऊन का येतात, ह्याचा विचार करा जरा.

फ्रेटबोर्ड_फडके :
काका कुणाला म्हणता? आणि ते ‘टोन’ विकत घ्यायला येतात, शिकायला नाही. तुमच्यासारख्यांचं वाचून.

तारसप्तक :
अहो, तारा राहू द्या. माझा मुद्दा वेगळा होता.
मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय आला होता तेव्हा माझ्यामागे दोन गृहस्थ फ्लॅटचा ताबा कधी मिळणार ह्यावर बोलत होते. स्लो ब्लूज चाललेला, तो आवाज अगदी कुजबुजीपर्यंत खाली आणतोय, आणि कानात काय तर ‘सोसायटी फॉर्म झाली का?’ त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण निघालं तर त्या दोघांना पुसलेलं मला चालेल. तुम्हाला?

गूळखोबरं :
श्रोते पुसा की, खुशाल! कलाकाराचे सूर बदलू नका एवढंच म्हणतोय.
तुमच्या ऑस्टिनच्याच क्लबातलं १९८० चं, रेडिओवर थेट गेलेलं वाजवणं ‘इन द बिगिनिंग’ ह्या त्याच्याच अल्बमवर आहे. पोरगेलं आहे, घाईघाईचं आहे. दुरुस्त करायला वावच नव्हता, आणि त्यावाचून काही अडलं नाही.
बाकी ‘विली द विंप’पुरता तुमचा अल्बम माफ. उरलेला तुम्हाला लखलाभ.

तारसप्तक :
आभारी आहे. उपकार झाले. ‘सुपरस्टिशन’ हे गाणंही त्याच्या कुठल्या स्टुडिओ अल्बमवर नाही, तेवढं जमलं तर माफीत घाला.

नवशिक्या_नाशिक :
फडके सर, अकराचा सेट अर्धा सूर खाली लावला तर चालेल का? नट घासावा लागेल का?