डॉसमध्ये बाहेरून पेस्ट करावं का?

उदगीरकर:
आमच्या आडतीचा हिशेब अजून डॉसवाल्या (विंडोजच्या आधीची, कमांड टंकून चालणारी सिस्टीम) फॉक्सप्रोत, म्हणजे नोंदी ठेवायच्या जुन्या प्रोग्रामात, आहे. जुनं मशीन गेलं, आता तोच प्रोग्राम डॉसबॉक्स-एक्समध्ये (नव्या कॉम्प्युटरवर डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो. तुरीची पट्टी झाली की शेतकऱ्याचा खाते क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तो मी सरळ पेस्ट करतो. मुनीमजी म्हणतात, हातानंच टाका. हातानं टाकताना एक आकडा इकडचा तिकडं झाला की गरिबाचे पैसे अडकतात. डॉसला स्वतःचा क्लिपबोर्ड (कॉपी केलेलं पेस्टपर्यंत जिथं राहतं ती जागा) नव्हता, म्हणून आपण आजही त्रास काहून काढायचा?

परळीचा:
मी मुनीमजींच्या बाजूनं. डॉसला पेस्ट कळतच नाही, त्याला वाटतं कुणीतरी भराभर कळा दाबायलंय. दाबलेल्या कळा प्रोग्रामनं वाचेपर्यंत बायॉसच्या कीबोर्ड बफरात थांबतात, त्यात १५ कळा मावतात. प्रोग्राम मागं राहिला की पुढचं गळतं. गळालेला आकडा कोण शोधणार?

उदगीरकर:
त्यासाठी पेस्टच्या वेगाची सेटिंग आहे. मूळ आकडा ३०, अक्षरं गळाली तर वाढवायचा. मी ६० ठेवलाय. सावकाश उमटतं, पण पुरं उमटतं.

परभणीकर:
माझा अनुभव ऐका. जुन्या वर्षाचं फोल्डर रिकामं करायला प्रॉम्प्टवर, म्हणजे डॉसच्या कमांडा टाकायच्या जागी, दोन ओळी एकदम पेस्ट केल्या. पहिली सीडीची, म्हणजे त्या फोल्डरात जायची, दुसरी डेल *.डीबीएफ, म्हणजे तिथल्या सगळ्या डीबीएफ (नोंदींच्या) फायली पुसायची. फोल्डरचं नाव एका अक्षरानं चुकलं होतं. 'इनव्हॅलिड डिरेक्टरी' आलं, तरी दुसरी ओळ चाललीच, तीही चालू वर्षाच्या फोल्डरात! डेल *.* म्हणलं तर डॉस निदान विचारतं, *.डीबीएफला विचारत नाही. दोन रात्री बसून कागदावरच्या पट्ट्या पुन्हा भरल्या. हातानं टंकत असतो तर पहिल्याच ओळीला थांबलो असतो.

जालनेकर:
दादा, वाईट झालं. पण डॉसवर सगळं हातानंच टंकायचे, हेही खरं नाही. एफ३ दाबलं की आधीची कमांड परत यायची. १९९१ला एमएस-डॉस ५.० सोबत डॉसकी आलं, मग वरच्या बाणानं जुन्या कमांडा मिळायला लागल्या. एडिटमध्ये (डॉसचा मजकूर लिहायचा प्रोग्राम) कंट्रोल-इन्सर्टनं कॉपी, शिफ्ट-इन्सर्टनं पेस्ट. एका प्रोग्राममधलं दुसऱ्यात नेता येत नव्हतं, कारण एका वेळी प्रोग्रामच एक चालायचा. प्रोग्रामातल्या रकान्यात खुशाल पेस्ट करा, प्रॉम्प्टवर नको.

उदगीरकर:
प्रॉम्प्टचं पटलं, आजपासून बंद. खाते क्रमांकाचं मात्र सोडणार नाही.

परळीचा:
मग पट्टी हातात द्यायच्या आधी शेवटचे चार आकडे शेतकऱ्याला वाचून दाखवत जा.