दानार्पणासाठी स्वाइप मशीन घ्यावे का?

हिशेबनीस (धागाकर्ता):
अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पास्टरेट कमिटीपुढे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, नाताळाआधी स्वाइप मशीन घेण्याचा प्रस्ताव आहे. खजिनदार या नात्याने तो मीच मांडला असल्यामुळे त्यावरचे आक्षेप येथे आधीच ऐकून घ्यावेत, असा विचार आहे. दाराशी क्यूआर कोडचा फलक आहेच आणि तरुण सभासद त्यावरून देतातही. प्रश्न आहे तो निवृत्तिवेतन थेट बँकेत जमा होणाऱ्या वडीलधाऱ्यांचा, ज्यांच्याजवळ कार्ड असते, पण फोनवरून पैसे पाठवायला ज्यांचे मन धजत नाही. खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून व्यापारी शुल्क लागत नाही, आणि इतर डेबिट कार्डांवर, वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत असल्यास, रिझर्व्ह बँकेने 0.40 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. म्हणजे 500 रुपयांमागे फार तर दोन रुपये. मशीनचे भाडे तेवढे बँकेशी बोलून ठरवावे लागेल. उपासनेनंतर नोटा मोजायच्या, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि सोमवारपर्यंत ती रक्कम कोणाच्या तरी कपाटात ठेवायची, हा व्याप थोडा तरी कमी होईल.

जुना बाक:
माझा विरोध खर्चाला नाही. उपासनेत दानाची थैली बाकावरून पुढे सरकते तेव्हा प्रत्येक जण मूठ मिटूनच हात आत घालतो. त्या मुठीत पाचशेची नोट होती, दहाचे नाणे होते की काहीच नव्हते, हे शेजाऱ्यालाही कळत नाही, आणि ज्याचा महिना ओढाताणीचा गेला आहे त्याची लाज त्यामुळेच झाकली जाते. मशीन आले की कोणी तरी विचारणार, "किती टाकू?" आणि देणाऱ्याला आकडा तोंडाने सांगावा लागणार. मंदिराच्या भांडारात बायबलमधल्या गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची नाणी, टाकली तेव्हा तिला कोणी असे विचारले नव्हते. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, हे वचन ज्या वेदीवरून वाचले जाते, तिच्याचसमोर रक्कम छापलेली पावती फाडून देणे मला पटत नाही.

लेस्टरकर:
आकडा तोंडाने सांगावाच लागतो, असे नाही. चर्च ऑफ इंग्लंडने 2018 पासून आपल्या चर्चना कार्ड-यंत्रे मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिली. अनेक ठिकाणी दाराजवळच्या स्टँडवरील यंत्रावर ठरावीक रकमा आधीच भरलेल्या असतात; देणारा स्वतःच रक्कम निवडून कार्ड टेकवतो आणि पुढे जातो. येथे ब्रिटनमध्ये या पद्धतीला सरकारी नियमाचाही आधार मिळाला आहे. 30 पौंडांपर्यंतच्या लहान रोख दानांवर, देणाऱ्याकडून फॉर्म भरून न घेताही, संस्थेला सरकारकडून 25 टक्के जादा रक्कम मागता येते, आणि एप्रिल 2017 पासून टेकवलेल्या कार्डाचे दानही त्यात धरले जाते. मात्र जुना बाक यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. यंत्र बाकांवरून फिरवू नये. एकेका व्यवहाराला थांबावे लागते, गीत संपून जाते आणि सेवक अजून तिसऱ्या रांगेतच असतो.

ताळेबंद:
चर्चा गुप्ततेवरच अडली आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. नाताळात परदेशातून येणाऱ्या नातलगांपैकी ज्यांनी तेथील नागरिकत्व घेतले आहे, त्यांचे दान ते ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे म्हणून नोंदलेले परदेशी नागरिक) असले तरी, आणि रुपयांत दिले तरी, विदेशी अंशदानच ठरते. ते घेण्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायदा, याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. उलट, परदेशात नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम यात मोडत नाही. मशीनला कार्ड ओळखता येते, पासपोर्ट नाही. परदेशी नागरिकाने थैलीत टाकलेल्या नोटेलाही हाच कायदा लागू आहे, पण त्या नोटेची नोंद राहत नाही आणि कार्डाची राहते. मशीन घ्यायचेच असेल तर परदेशी कार्डे बंद ठेवण्याबद्दल बँकेला आधी लेखी विचारावे. क्रेडिट कार्डही नको, कारण त्यावरचे शुल्क सुमारे दोन टक्क्यांच्या घरात जाते आणि उधारीवर दान करण्याची सवय मंडळीने लावू नये.

हिशेबनीस:
ताळेबंद यांच्या दोन्ही सूचना प्रस्तावात घेतो. पण गुप्ततेचा आग्रह मला अर्धवट वाटतो. वार्षिक अहवालात प्रत्येक कुटुंबाची मासिक वर्गणी नावानिशी छापली जाते, थकबाकीसुद्धा. कापणीच्या सणाला भोपळा, कोंबडी, मेथीच्या जुड्या यांचा लिलाव होतो तेव्हा प्रत्येक बोली मोठ्याने पुकारली जाते, आणि तिथे चढाओढ करण्यात आपण कोणीच मागे नसतो. मग फक्त कार्डाच्या वेळीच डाव्या हाताची आठवण का व्हावी?

जुना बाक:
थकबाकी छापण्याला मी वार्षिक सभेत दरवेळी विरोध केला आहे, हे इतिवृत्तात सापडेल. वर्गणी हे सभासदाचे कर्तव्य असून तिची पावती हवीच, आणि लिलावात माणूस वस्तू घेतो. या दोन्ही कामांना मशीन खुशाल वापरावे. वर्गणीच्या टेबलावर ते ठेवण्याचा ठराव आला तर मी अनुमोदन देईन. दानार्पण मात्र आराधनेचा भाग आहे, आणि त्या वेळी थैलीच फिरली पाहिजे.

हिशेबनीस:
वर्गणीचे टेबल उपासनेनंतर मांडले जाते, आणि ज्या वडीलधाऱ्यांसाठी हा प्रस्ताव आहे ते रिक्षा ठरलेली असल्याने आशीर्वादानंतर थांबत नाहीत. त्यामुळे लेस्टरकर सांगतात तसा स्टँड दाराशी, उपासनेपूर्वी अर्धा तास ठेवावा, अशी दुरुस्ती मी सुचवतो. त्याजवळ कोणी उभे राहणार नाही आणि कागदी पावती निघणार नाही, अशी सोय देणारी बँक मिळाली तरच प्रस्ताव मतदानाला येईल.