मॅकवर ६१.४५ जीबी, विंडोजवर ५७.२ जीबी. चार जीबी गेले कुठे?

नौपाडा_स्टुडिओ
नौपाड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. मागच्या महिन्यात घोडबंदर रोडला एक लग्न केलं. सगळा डेटा ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर दिला आणि बिलावर माझ्या मॅकवर दिसला तोच आकडा लिहिला, ६१.४५ जीबी. परवा नवरीचे काका लॅपटॉप घेऊनच दुकानात आले. त्यांच्या विंडोजवर तोच फोल्डर ५७.२ जीबी. "चार जीबी कापलेत तुम्ही, हळद गाळलीत," म्हणाले, तेही दुसरं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. हळदीची एकेक क्लिप उघडून दाखवली, तरी समाधान नाही. सतरा वर्षं धंद्यात आहे, असं कुणी बोललं नव्हतं. फार लागलंय मनाला. कॉपी करताना खरंच काही सुटलं असेल का?

सानपाडा_सपोर्ट
दादा, काही सुटलेलं नाही. डेटा एकच, मापं दोन. मॅकचा फाइंडर, म्हणजे फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, २००९ च्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून हजाराच्या पटीत मोजतो, त्याची एक जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट. विंडोजचा तसाच प्रोग्रॅम, एक्सप्लोरर, १०२४ च्या पटीत मोजतो, त्याची जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटची. माप मोठं, म्हणून आकडा लहान. ६१.४५ ला १.०७३७ ने भागा, ५७.२ येतात. या १०२४ वाल्या मापाला आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ मध्येच 'गिबीबाइट' असं वेगळं नाव दिलंय, पण विंडोज अजून त्यालाच जीबी म्हणतं. त्यापायी प्रामाणिक माणसाला बोल लागतो, याचा मला खरंच राग येतो.

काकांना भागाकार समजावत बसू नका. सगळ्यात मोठ्या व्हिडिओवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. जीबीच्या पुढे कंसात पूर्ण बाइट दिसतात. मॅकवर गेट इन्फोमध्ये तेच अंक असले पाहिजेत, अगदी शेवटच्या अंकापर्यंत.

ऐरोलीकर
वरचं बरोबर आहे. फक्त 'साइझ'ची ओळ बघा, तिच्याखालची 'साइझ ऑन डिस्क' नको. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १२८ केबीचे कप्पे पाडतं, तीन केबीची फाइलही अख्खा कप्पा अडवते. आणि अख्ख्या फोल्डरची बेरीज जुळवायला जाऊ नका. मॅक कॉपी करताना पेनड्राइव्हवर ठिपक्याने सुरू होणाऱ्या स्वतःच्या लपलेल्या फाइलीही टाकतो, त्या विंडोजवर मोजल्या गेल्या तर काका नवीनच शंका काढतील.

मी लिनक्सवर आहे. इथे केडीईचा डॉल्फिन हा फाइली दाखवणारा प्रोग्रॅम १०२४ ने मोजतो, पण 'जीआयबी', म्हणजे गिबीबाइट, असं स्पष्ट लिहितो. एवढं केलं तरी पुरे असतं.

नौपाडा_स्टुडिओ
काका आज आले होते. वरातीची फिल्म घेतली. विंडोजवर ११.६ जीबी, मॅकवर १२.४६. कंसातला आकडा मी वाचला, काकांनी बिलाच्या पाठीमागे लिहून घेतला: १२४५६१२०८३२. मॅकवर स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतात, त्यांच्या लॅपटॉपवर लाख-कोटीसारखे, म्हणून आधी त्यांना वाटलं हा आकडाही वेगळाच. मग एकेका अंकावर बोट ठेवत गेलो. अकराच्या अकरा जुळले. काका थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "मग हेच लिहायचं ना बिलावर."

बिलबुकात 'जीबी' छापलेलं आहे. ते खोडून प्रत्येक फिल्मचे बाइट हाताने लिहिले, खाली सही केली आणि बिल त्यांना परत दिलं.