‘प्रार्थना केंद्रात न्या, मूल सरळ होईल’ म्हणणाऱ्यांसाठी

गिरीजकरीण:
आपल्या ख्रिस्ती गटात परवा एकाने समलिंगींबद्दल लिहिलं, "रोमने आशीर्वादाची सूट दिली म्हणून असल्या लोकांनी शेफारून जाऊ नये. आईबापांनी अशा मुलांना प्रार्थना केंद्रात न्यावं. उपास, कुमसार (पापकबुली), डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. मूल सरळ होतं." खाली आमेनची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता लिहिते.

आशीर्वादाचं आधी उरकते. रोमने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी देणारा कागद काढला, त्या 18 डिसेंबर 2023 च्या ‘फिदुसिया सुप्लिकान्स’मध्ये लग्न नाही, ठरलेला विधी नाही, लग्नाचा पोशाखसुद्धा चालत नाही. 4 जानेवारी 2024 ला रोमनेच खुलासा केला की ही दहा-पंधरा सेकंदांची प्रार्थना आहे. तेवढ्याने कोण शेफारणार?

माझं भांडण ‘मूल सरळ होतं’शी आहे. मी नर्स आहे. माझ्या बहिणीच्या मुलाने आपण समलिंगी असल्याचं घरी सांगितलं तेव्हा त्याला अशाच एका केंद्रात नेलं. उपाशी ठेवलं, अंगात दुष्ट आत्मा आहे म्हणून त्याच्या कानाशी ओरडले. घरी आला आणि त्याने गोळ्या खाल्ल्या. वाचला. आता पुण्यात नोकरी करतो, चर्चमध्ये मिस्साला पाय ठेवत नाही, आणि त्याला "चल" म्हणायला मला तोंड नाही. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असले ‘बदलण्याचे’ उपचार बंद करायला सांगितले, 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं. डॉक्टरने करायचं नाही ते देवाच्या नावाने केलं तर चालतं?

जुना धर्मशिक्षक:
ताई, मुलाचं ऐकून वाईट वाटलं. पण एका केंद्राच्या चुकीवरून शिकवण खोटी ठरत नाही. कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाचा, परिच्छेद 2358 सगळ्यांना पाठ: आदर, करुणा, संवेदनशीलता. त्याच्या आधीचा, समलिंगी संबंध चूक म्हणणारा 2357 आणि नंतरचा, शुद्धतेची म्हणजे शरीरसंयमाची हाक देणारा 2359 कुणी वाचायचा? शुद्धतेची हाक अविवाहितांना आहे, विधवांना आहे, फादरांना आहे. मग यांनाच तेवढी सवलत का? आफ्रिकेच्या बिशपांनी 11 जानेवारी 2024 ला कळवलं की आमच्याकडे समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देणं योग्य होणार नाही. पोपशी एकनिष्ठ राहूनच कळवलं. लिंगबदलाबद्दल रोमचा ‘दिग्नितास इन्फिनिता’ हा कागदही वाचा. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं ते आता मागे घेऊ?

तामतलाव:
सगळे समलिंगींवरच का तुटून पडलाय? आशीर्वादाच्या त्या कागदात ‘अनियमित स्थितीतली जोडपी’ पण आहेत. म्हणजे मी. पहिला नवरा लग्नाच्या वर्षातच दुसरीकडे राहायला गेला. ते लग्न रद्द ठरवायला ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे चर्चच्या न्यायालयात, अर्ज केला. 2015 मध्ये पोप फ्रान्सिसने पहिल्या निकालाला दुजोरा देणाऱ्या दुसऱ्या निकालाची अट काढली, वाटलं लवकर सुटू. माझी फाइल अजून तिथेच. शेवटी रजिस्टर लग्न केलं. मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाला मी रांगेत छातीवर हात आडवे घेऊन उभी, म्हणजे मला प्रसाद नाही. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "मम्मी, तुला का नाही?"

जुना धर्मशिक्षक:
तुमची गोष्ट वेगळी आहे, बाई. तिथे प्रक्रिया आहे. साक्षीदार दिले की काम होतं.

तामतलाव:
साक्षीदार कोण देऊ? सासू येईल का मुलाविरुद्ध बोलायला? जाऊबाईला दोनदा बोलावलं, आली नाही. मग मलाच विचारतात, तुम्ही समेटाचा प्रयत्न केला का?

कल्याणकर:
बायकांचंच ऐकतात म्हणा. माझ्या भावाची बायको माहेरी गेली ती गेली, अर्जाला उत्तरच देत नाही. तोही अडकलाय. फेऱ्या मारून चपला झिजल्या.

तामतलाव:
तुमच्या भावाला कुणी चर्चच्या समितीतून काढलं? मला काढलं. ‘पोरांसमोर चुकीचं उदाहरण’ म्हणून. आता सांगा, बायकांचं कोण ऐकतं?

कल्याणकर:
उगाच अंगावर येऊ नका. मी फक्त दुसरी बाजू मांडली.

नगरवाला:
आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे ट्रायब्युनल नाही म्हणून हेवा करू नका. आमच्याकडे पाळक ठरवतात, आणि पाळक कोणत्या गटाचे यावर सगळं ठरतं. मूळ विषयावर: आमच्या उपासनेला एक तृतीयपंथी ताई यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या. बाप्तिस्मा मागितला तर दोन वर्षं "बघू". बायबलमध्ये ‘प्रेषितांची कृत्ये’च्या आठव्या अध्यायात फिलिप्पाने त्या कुशी (इथिओपियाच्या) षंढाला रस्त्यातच, पाणी दिसताक्षणी बाप्तिस्मा दिला. कुठली समिती बसवली नाही. रोमनेही 2023 मध्ये सांगितलंय की ट्रान्स व्यक्तीचा बाप्तिस्मा होऊ शकतो.

जुना धर्मशिक्षक:
लोकांमध्ये गैरसमज होत नसेल किंवा त्यांच्या श्रद्धेला ठेच लागत नसेल तर, असंही त्यात आहे. ते गाळलंत. आणि आठवा अध्याय उघडता, मग समलिंगी संबंधांना दोष देणारा रोमकरांस पत्राचा पहिला अध्यायही उघडा. बायबल सोयीचं तेवढंच वाचायचं का?

नगरवाला:
पहिला अध्याय उघडतो, पण तिथेच थांबत नाही. दुसऱ्याची पहिली ओवी वाचा. ‘दोष लावणाऱ्या माणसा’ कुणाला म्हटलंय ते बघा.

गिरीजकरीण:
सर, मी तुम्हाला शिकवण मागे घ्यायला सांगितलेलं नाही. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशियस 2013 मध्ये, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा निकाल उलटा लागला तेव्हा, म्हणाले होते की चर्चने समलिंगींना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवूनच म्हणाले. म्हणजे दोन्ही एका माणसाच्या तोंडी बसतं. माझा एकच प्रश्न आहे, उत्तर फक्त हो किंवा नाही. उद्या तुमच्या नातवाने सांगितलं, तर त्याला त्या केंद्रात न्याल?

जुना धर्मशिक्षक:
नातवाला मध्ये आणू नका.

गिरीजकरीण:
माझ्या बहिणीचा मुलगा मध्येच आहे.

जुना धर्मशिक्षक:
नाही नेणार. झालं? उपाशी ठेवणं चूकच. आणि बिशपांच्या खास परवानगीशिवाय कुणी भूत काढायला बसणं चर्चच्या कायद्यातल्या कॅनन 1172 प्रमाणे चालतच नाही, त्या केंद्राला हे कुणी विचारायला हवं होतं. एवढं तुमचं बरोबर. बाकी आशीर्वादावर आणि शिकवणीवर माझं मत इंचभर हललेलं नाही.

गिरीजकरीण:
मग कॅनन 1172 ची ओळ तुमच्या नावाने त्या आमेनवाल्या पोस्टखाली टाका. माझं तिथे कुणी ऐकत नाही. तुमच्या हाताखाली शिकलेली अर्धी माणसं आहेत त्या गटात.

जुना धर्मशिक्षक:
टाकतो. पण 2357 सकट टाकणार.

तामतलाव:
टाका. आणि ट्रायब्युनलच्या फायली कुठे अडतात, तेही त्याच गटात विचारा. तुम्ही विचारलंत तर उत्तर येईल.