केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा आकडा जुळत नाही, मदत हवी आहे (तातडीचे)

मिऱ्याबंदर: परवा प्रकल्प द्यायचाय. एका ठिकाणी ४० लाख, दुसरीकडे साडेतीस. खरा कुठला? नोकर घटले की वाढले तेवढं सांगा.

खाडीकाठ: कुठल्या वर्षाचे? मंजूर पदं की भरलेली?

मिऱ्याबंदर: २०२१. आणि २०११ ला ३०.८७ लाख. मग दहा वर्षांत काहीच बदललं नाही?

खाडीकाठ: २०११ पण हवंय हे आधी सांगायचं ना. तो आकडा कर्मचारी गणनेचा, ३१ मार्चचा. २०२१ चा अर्थ मंत्रालयातल्या व्यय विभागाच्या वेतन-भत्ते अहवालातला, १ मार्चचा. दोन्ही एका रेषेत जोडू नका. व्यय विभागाचेच घ्या, मंजूर, भरलेली, रिक्त असे तीन रकाने पाडून:
२०१८: ३८.०३ / ३१.१९ / ६.८४ लाख
२०२१: ४०.३५ / ३०.५६ / ९.७९ लाख
माणसं साधारण ६३ हजारांनी घटली, मंजूर पदं मात्र २.३२ लाखांनी वाढली. रिक्त पदं फुगली ती मुख्यतः त्यामुळे. 'भरती बंद म्हणून रिक्त' एवढंच लिहिलंत तर चुकेल.

लांजेकर: यात ग्रामीण डाक सेवक कुठायत? आमच्याकडची शाखा डाकघरं त्यांच्यावरच चालतात. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं पद नागरी पद मानलंय.

खाडीकाठ: मानलंय, म्हणून राज्यघटनेच्या कलम ३११ चं (चौकशीशिवाय बडतर्फ न करण्याचं) संरक्षण मिळालं. नियमित कर्मचाऱ्यांत धरत नाहीत. तळटीप द्या, बेरीज नको.

लांजेकर: तळटीपेत ढकलून कसं चालेल? गावात केंद्र सरकार म्हणजे तोच माणूस. स्वतंत्र परिच्छेद हवा.

कुडाळ_पॅसेंजर: कोकण रेल्वे धरली का? भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला राज्याने २०२५ मध्ये संमती दिलीय.

खाडीकाठ: ते महामंडळ आहे, २०२१ च्या रेल्वेच्या आकड्यात नाही. बीएसएनएलही नाही.

देवगड_हापूस: बारावी झालेल्यांनी एसएससी (कर्मचारी निवड आयोग) सीएचएसएल या केंद्राच्या भरती परीक्षेचा फॉर्म भरा, वय १८ ते २७. आपल्याला पश्चिम विभाग, मुंबई.

मिऱ्याबंदर: मला फॉर्म नकोय! सैनिक धरायचे का?

खाडीकाठ: गणवेशातले सैनिक नाहीत. संरक्षण खात्यातले नागरी कर्मचारी आत येतात, सीआरपीएफ, बीएसएफ गृह खात्यात. आलेखाखाली 'सैन्य वगळून' लिहा.