मदत हवी आहे: कर्ली नदीत दोन तासांची बोट आणि बोटीवरच मालवणी खाणं, शनिवारी, लवकर सांगा

निघालोय_एकदाचे
मालवणजवळ देवबागला जातोय. नदीतून दीड-दोन तास बोट हवी आहे: खारफुटी, संगम, त्सुनामी आयलंड, जे काही असेल ते. सोबत बोटीवर थोडं थोडं मालवणी खाणं, पूर्ण जेवण नको, चव बघण्यापुरतं. एक बोटवाला म्हणतो सकाळी आठला या, दुसरा म्हणतो चारला या, तिसरा म्हणतो कधीही या. कोण बरोबर? जेवण त्यांच्याकडून घ्यायचं की न्यायचं? प्लीज लांबण नको, आज बुक करायचंय.

खाडीकाठ
आधी तारीख सांगा, मगे भरती सांगतंय. तारखेशिवाय तिघेही बरोबर आणि तिघेही चूक.

पाटावरवंटा
किती जण? म्हातारी माणसं, लहान मुलं? शाकाहारी किती? शनिवारी मासे चालतात का घरात? यातलं एकही लिहिलेलं नाही आणि म्हणे लांबण नको.

वाशिष्ठी_एक्स्प्रेस
देवबाग कशाला? नाताळात तिथे पाय ठेवायला जागा नसते. चिपळूणला उतरा, वाशिष्ठीत बोटीने मगरी बघा. थंडीत ओहोटीला चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात. मुंबईहून कोकण रेल्वेने गेलात तर कुडाळच्या निम्म्या वेळात पोहोचाल.

निघालोय_एकदाचे
मगरी नकोत. घर देवबागला बुक आहे, पैसे भरलेत.
तारीख २६ डिसेंबर. आम्ही १४. दोघं सत्तरीच्या वर, आईचे गुडघे दुखतात. दोन मुलं, ५ आणि ८ वर्षांची. पाच जण शनिवारचे खात नाहीत. एकाला कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी आहे. हे सगळं उघडच होतं असं वाटलं.

मतलई
उघड कुणाला? असो.

२६ ला वद्य तृतीया, दत्तजयंती बुधवारी झालेली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: तीनाची पाऊणपट सव्वादोन. हा झाला मुंबईचा हिशेब. मालवणकडे भरती साधारण तासभर आधी लागते, म्हणजे सव्वाच्या सुमारास पाणी भरलेलं. ओहोटी सहा-सव्वासहा तास आधी, सकाळी सातला. हे ढोबळ आहे. छापील कोष्टकात मालवण नसेल तर मुरगाव बंदराची वेळ बघा, ती जवळची.

आता तुमचा घोळ. तुम्हाला खारफुटीही हवी आणि त्सुनामी आयलंडही. तो वाळूचा दांडा आहे, संगमाच्या आत, ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. खारफुटीच्या फाट्यांत शिरायला मात्र भरतीच लागते, नाहीतर बोट चिखलात टेकते आणि इंजिनाचा पंखा वर घ्यावा लागतो. दोन तासांत दोन्ही होत नाही. आठचा बोटवाला तुम्हाला दांड्यावर उतरवणार, चारचा सूर्यास्त दाखवणार. 'कधीही या' म्हणणाऱ्याला बुकिंग हवंय.

निघालोय_एकदाचे
मग दांडा सोडला. चार वाजता काय वाईट? ऊन कमी असतं.

मतलई
वारा. थंडीत सकाळी मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे, पाणी काचेसारखं. दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून आत येतो. चारला तुमच्याकडे ओहोटी ऐन जोरात असणार, म्हणजे नदीचं पाणी बाहेर ओढतंय आणि वारा आत ढकलतोय. असं समोरासमोर आलं की संगमाच्या तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. बोट आपटत चालते. गुडघेदुखीवाल्यांना प्रत्येक आपटीला कळेल, आणि हातातल्या वाटीतली कढी मांडीवर येईल.

खाडीकाठ
बरोबर. पावणेअकराला निघा. पाणी चढतं असतं, बोट भरतीबरोबर वर जाते, इंजिनाला ताण नाही. तारकर्लीच्या अंगाने वर, पलीकडे भोगवे, मग कोरजाईचा काठ. तासाभरात जिथवर पोहोचाल तिथून मागे फिरायचं. वालावल किंवा नेरूरपारच्या पुलापर्यंत न्या असा हट्ट धरू नका, दोन तासांत होत नाही. बोटवाला 'हो' म्हणाला तर तो जोरात पळवणार आणि तुम्ही खारफुटी बघण्याऐवजी टोप्या धरून बसणार.

संगम लांबूनच बघा. तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावरून बाहेर समुद्रात जायचं नाही. डॉल्फिन नदीत नसतात, ते बाहेर. 'डॉल्फिनपण दाखवतो' म्हणाला तर नको म्हणा.

कोपऱ्यातला_दिवा
ही नदी नाही, खाडी आहे. मूळ पोस्टमध्ये दुरुस्त करावं.

खाडीकाठ
नदीच आहे, कर्ली. सह्याद्रीतून येते. शेवटच्या पट्ट्यात खारं पाणी आत चढतं म्हणून तिथे खाडी म्हणतात. बोटवाल्याला दोन्ही कळतं.

कोपऱ्यातला_दिवा
म्हणजे खाडीच.

नाखवा२२
बोटीचं बघा आधी. फायबर बोट, मागे आउटबोर्ड इंजिन. बाजूला मेरीटाईम बोर्डाचा नोंदणी क्रमांक आणि प्रवाशांची क्षमता रंगवलेली असते. ती वाचा. पाच वर्षांचं मूल मोजायचं नाही वगैरे ऐकू नका, लाइफ जॅकेट सगळ्यांना लागतं म्हणजे मोजणीतही सगळे. १४ जण एका बोटीत बसवतो म्हणाला आणि बाजूला १० लिहिलेलं असेल तर दोन बोटी घ्या. लहान मुलांची जॅकेटं वेगळी असतात. मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का, बघून घ्या.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट किनाऱ्याजवळच उलटली आणि दोन पर्यटक गेले. किनारा दिसतोय म्हणून जॅकेट काढायचं नाही, फोटोलासुद्धा.

आणि भाडं 'बोटीचं' ठरवा, माणशी नको. किती तास, कुठून कुठपर्यंत, खाण्यासाठी थांबलेला वेळ धरून की सोडून, हे सगळं फोनवर बोलल्यावर मेसेजमध्ये लिहून घ्या. भांडण थांबलेल्या वेळावरूनच होतं.

हिशेबी_माणूस
हाउसबोट चालवायची असेल तर परवान्यासाठी नौकेचं सर्वेक्षण, नोंदणी, विमा आणि चालकाचं प्रमाणपत्र लागतं. २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा वाचा, त्याआधीचा १९१७ चा आता लागू नाही.

निघालोय_एकदाचे
मला हाउसबोट चालवायची नाहीये.

पाटावरवंटा
खाण्याकडे येऊ या का? बोटीवर काहीही शिजवायचं नाही, गरमही करायचं नाही. आउटबोर्डची पेट्रोलची टाकी पायाशी असते. 'वडे तळून देतो बोटीवर' म्हणणारा भेटला तर दुसरा बघा.

म्हणून जे गार खाता येतं आणि हाताला रस्सा लागत नाही, तेवढंच बोटीवर. माझी यादी, १४ जणांची:

घावणे ३०, चौघडी घालून, केळीच्या पानात. सोबत रस नको, सांडतो. त्याऐवजी गूळखोबऱ्याचं चुन, अर्धा किलो पुरे.
खापरोळ्या (जाड, जाळीदार गोड घावणे) १४, पण नारळाच्या रसात बुडवायच्या उतरल्यावर.
काळ्या वाटाण्याची उसळ, अंगाबरोबर सुकी, पाऊण किलो कोरडे वाटाणे. आदल्या सकाळी भिजवायला सांगा, बारा तासांत ते नीट भिजत नाहीत. हे शनिवारवाल्यांचं मुख्य.
मालवणी खाजा पाव किलो, मुलांना.
सोलकढी दीड लिटर, माणशी एक छोटा पेला.

मासे बोटीवर अजिबात नकोत. तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं दोन किलो शिंपल्यांसकट घेतलं तर आठ-नऊ जणांना चाखण्यापुरतं होईल, पण ते काठावर उतरून, गरम. शिंपल्याचं काहीही दोन तास उन्हात ठेवायचं नसतं. शिजवताना जी शिंपली उघडली नाही ती फेकायची, जबरदस्तीने उघडायची नाही. ॲलर्जीवाल्याचं ताट आधी वाढा आणि डाव वेगळा ठेवा. घावण्याचा तवा तोच मासे तळलेला नाही ना, हेही विचारा. शनिवारवाल्या पाच जणांना पण तेच हवं असणार.

वाशिष्ठी_एक्स्प्रेस
तिसऱ्या नाही, मुळे म्हणतात.

पाटावरवंटा
रत्नागिरीकडे. मालवणात मुळे मागितलेत तर भाजीवालीकडे पाठवतील.

तिरफळ
कुर्ल्या (खेकडे) कुणीच लिहिल्या नाहीत? मालवणात जाऊन कुर्ल्या नाहीत?

खाडीकाठ
पौर्णिमेच्या तिसऱ्या दिवशी कुर्ल्या पोकळ. अमावास्येला भरलेल्या. कुठलीही कोळीण सांगेल.

मतलई
कोळीण सांगेल, पण कारण चंद्र नाही. कुर्ली कात टाकते, त्यानंतर कवच मोठं आणि आतलं मांस कमी, म्हणून पोकळ लागते. सगळ्या एकाच रात्री कात टाकत नाहीत. पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबा, दबलं तर नको. तिथी विचारण्यापेक्षा ते सोपं.

खाडीकाठ
दाबून बघा नि मगे घरी जाऊन फोडा, कळेल.

मतलई
तसंही हातोडी लागणारं काही बोटीवर नको, या मुद्द्यावर आपलं एकमत धरू.

आगळवेगळी
सोलकढीबद्दल थोडं, कारण सगळे तिथेच चुकतात आणि मग 'मालवणची कढी आंबट' म्हणतात. दीड लिटरला दोन नारळ. पहिलं दूध घट्ट काढायचं, मग कोमट पाणी घालून दुसरं. आगळ सहा ते सात मोठे चमचे, पण चमच्याचमच्याने, रंग बघत, फिका गुलाबी आला की थांबायचं. आगळात मीठ असतंच. आधी आगळ, मग चव, मग हवं तर मीठ. उलट केलं की खारट होते आणि ती दुरुस्त होत नाही, पाणी घातलं तर पातळ ताकासारखी लागते. दूध गरम असताना आगळ घातलं तर फुटते.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियम आणि पितळ नको, आगळ आंबट आहे. तासाभरात दूध वर आणि गुलाबी पाणी खाली असं होणारच, ते बिघडणं नव्हे, हलवायचं. नारळाचं दूध उन्हात चार तासांत आंबतं म्हणून बर्फाच्या खोक्यात, पाचेक किलो बर्फ. बर्फ कढीत टाकू नका. तो मासळीचा बर्फ असू शकतो.

लसूण न खाणारे असतील तर आधी तेवढी बाजूला काढा. मिरची-कोथिंबिरीची पुरते.

निघालोय_एकदाचे
आगळ म्हणजे कोकम सरबत ना? ते घरी आहे.

आगळवेगळी
नाही!! सरबतात साखर असते. आगळ म्हणजे रतांब्याचा, कोकमाच्या फळाचा, खारवलेला रस. सरबत घातलंत तर गोड गुलाबी दूध होईल आणि त्यात तुम्ही लसूण घालणार. आगळ नसेल तर १५-२० आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा.

मांडवीकर
इतका खटाटोप करण्यापेक्षा पणजीला सांता मोनिका जेट्टीवरून मांडवीत संध्याकाळची तासाची बोट असते, तिकीट काढा नि बसा. शांत हवं असेल तर रायबंदरहून चोडणची फेरी, पलीकडे सलीम अली अभयारण्याची खारफुटी.

पाटावरवंटा
त्या बोटीवर गाणी मोठ्याने असतात आणि घावणे नसतात. १४ जण देवबागला आहेत हो.

निघालोय_एकदाचे
ठीक. पावणेअकरा, दोन बोटी, खाणं घरमालकीण काकूंकडून, मासे उतरल्यावर. आईला चढवायचं कसं? काल फोनवर एकजण म्हणाला, 'गुडघाभर पाण्यातून यावं लागेल.'

नाखवा२२
ते ओहोटीचं उत्तर आहे. सातला पाणी खाली, तेव्हा काठावर चिखल आणि बोट लांब. पावणेअकराला पाणी बरंच चढलेलं असेल, बोट पायऱ्यांना लागते. 'जेट्टीवरून चढवणार आणि जेट्टीवरच उतरवणार' हे वेगळं विचारा. उतरताना कुठेतरी वाळूवर सोडतात आणि तिथून उडी मारावी लागते. आईंना मधल्या फळीवर बसवा, पुढच्या टोकाला नाही, आपटी पुढे जास्त लागते. चढताना एक माणूस बोटीत, एक पायरीवर, हात मनगटाला धरायचा, बोटांना नाही. पायरीला शेवाळ असतं, चपला काढून हातात.

खाण्याचा डबा चढवायच्या आधी बोटीत ठेवा, नाहीतर सगळे बसले की तो डोक्यांवरून जातो.

निघालोय_एकदाचे
विचारलं. पायरीलाच लागेल म्हणाला, पण पैसे आत्ता पाठवा म्हणतोय, पूर्ण.

नाखवा२२
पूर्ण नको. थोडे टोकन द्या, बाकीचे उतरल्यावर. नाताळात बोट दुसऱ्याला देऊन टाकतात म्हणून टोकन घेण्यात चूक नाही. बोटीचा क्रमांक मात्र मेसेजमध्ये मागा.

आगळवेगळी
आणि घरमालकीण काकूंना नारळ आजच सांगून ठेवा, दोन कढीला, दोन खापरोळ्यांच्या रसाला, एक घावण्याच्या चुनाला. पाच.

निघालोय_एकदाचे
काकू म्हणतात सहा. वाटाण्याच्या उसळीला एक.

पाटावरवंटा
काकू बरोबर.