बॅकलाइट तपासायला कोणतं मॉड्यूल?

प्रश्न: 32 इंची टीव्ही आलाय. आवाज आहे, चित्र काळं. टॉर्च मारली की पुसट दिसतं. बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागून उजेड देणाऱ्या, तीन पट्ट्या, प्रत्येकीवर सात एलईडी. 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर पट्टी पेटतच नाही.

उत्तर: पेटणार कशी? 3 व्होल्टचे सात एलईडी एकापुढे एक, म्हणजे 21 व्होल्ट लागतात. 6 वाले असतील तर 42. स्टेप-अप मॉड्यूल (व्होल्ट वाढवणारं छोटं सर्किट) घ्या, पण करंट लिमिटचा, म्हणजे करंट ठरावीक मर्यादेत रोखणारा, वेगळा स्क्रू असलेलंच. 30 मिलिअँपवर बांधा, मग व्होल्ट हळूहळू चढवा. मी एकदा आळसात लिमिट न लावता जोडलं. भप्पकन पेटली, गेली. चांगली पट्टी होती हो! भुर्दंड माझ्याच खिशाला.

प्रश्नकर्ता: तिन्ही एकदम लावू?

दुसरं उत्तर: नको. सिरीजमध्ये, म्हणजे तिन्ही एकापुढे एक जोडल्या तर, 126 व्होल्टपर्यंत जाईल, झटका बसेल. एकेक तपासा.